कालिकतची खेप

अर्ज माझा होता आणि त्याच्यावरचा शेराही माझाच होता. गुरुवारी अकराच्या सुमारास रामकिशन शिपायानं साहेबांकडून आलेला कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून टाकला. मी सवयीनं एकेक पान उलटत खालच्या सह्या बघत गेलो, आणि सातव्या की आठव्या कागदावर माझंच नाव दिसलं. विरूपाक्ष मलप्पा हुडगे, अव्वल कारकून, टंचाई शाखा, जिल्हाधिकारी कार्यालय, लातूर. बारा दिवसांची अर्जित रजा, कारण खाजगी. त्याखाली माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'सध्याची तीव्र पाणीटंचाई व टँकरच्या खेपांचे काम लक्षात घेता रजा मंजूर करणे उचित होणार नाही. आदेशार्थ सादर.' आणि त्याच्याखाली साहेबांची हिरव्या शाईतली सही. शाखेतल्या कुणाचाही रजेचा अर्ज आधी माझ्याकडे येतो, मी शेरा लिहितो आणि मग तो वर जातो. दिवाळीपासून आलेल्या प्रत्येक अर्जावर मी हेच वाक्य लिहीत आलो आहे. लग्न असो, बारसं असो, कुणाची आई दवाखान्यात असो, वाक्य तेच. सोमवारी माझा अर्ज मी त्याच गठ्ठ्यात ठेवला, आणि गठ्ठा उपसता उपसता हातानं त्याच्यावरही तेच लिहून टाकलं. लोक म्हणतात, आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा. मला धोंडा पडलेला तीन दिवस कळलासुद्धा नव्हता.

खरं सांगायचं तर वाचल्यावर पहिल्यांदा जीव हलका झाला. लाज मागून आली. एखाद्या लग्नाला जायचं अगदी जिवावर आलेलं असावं आणि बस चुकावी, तसं झालं. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समोरच्या टेबलावर भुजंग, आमचा कनिष्ठ लिपिक, रेणापूरच्या टँकरवाल्याशी फोनवर ओरडून बोलत होता. बाहेर व्हरांड्यात चार गावचे लोक उकिडवे बसले होते. कुणाच्या विहिरीनं तळ गाठलेला, कुणाचा टँकर दोन दिवस आला नव्हता. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं आणि त्यात माझा कालिकतला जायचा बेत मोडला होता. मोडणाऱ्यात माझ्याखेरीज दुसरं कुणी नव्हतं.

आता कुणीही म्हणेल, त्यात काय, उठायचं आणि साहेबांना सांगायचं, चुकून लिहिलं गेलं. मी उठलोही. साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. मनात वाक्य जुळवलं, मोडलं, परत जुळवलं. तेवढ्यात साहेबच बाहेर आले. पुण्याकडचे, वयानं माझ्या पोराएवढे, बोलायला गोड. म्हणाले, "हुडगे, तुमचा शेरा वाचला बरं का. स्वतःच्या रजेवर असं लिहायला मोठं मन लागतं. मी आजच्या बैठकीत सगळ्यांना तुमचं उदाहरण दिलं." मी उभा राहून "जी साहेब" म्हणालो. ते गाडीत बसून निघून गेले, मी तिथंच उभा होतो. उदाहरण होऊन बसलेल्या माणसाला मग रजा कशी मागता येते, हे मला अजून उमगलेलं नाही.

कालिकतचा बेत शेषेरावचा. शेषेराव म्हणजे नांदेडच्या शाळेतला माझा सोबती, पुढं त्याच शाळेत कवायतीचा मास्तर झाला आणि गेल्या वर्षी निवृत्त झाला. पावसाळ्याच्या शेवटी, म्हणजे पाऊस पडायचे दिवस कोरडेच सरल्यावर, त्याचं कार्ड आलं होतं. 'इरपा, संक्रांतीनंतर केरळात कालिकतला फुटबॉलची मोठी स्पर्धा आहे. रशिया येणार. डोळ्यात काचबिंदू उतरलाय, डॉक्टर म्हणतो उन्हाळ्यापर्यंत जेवढं बघायचं तेवढं बघून घ्या. मला रशिया बघायचाय. तू पाहिजेस.' मला इरपा म्हणणारा आता तेवढा एकच माणूस जगात उरला आहे. मी उलट लिहिलं की अरे, पुढच्या वर्षी मी रिटायर होतोय, मग निवांत जाऊ. त्याचं लगेच उत्तर आलं, 'पुढच्या वर्षी रशिया येईल, माझे डोळे येतील का?' त्यानंतर टाळायला जागाच नव्हती. मी हो म्हणालो. त्यानं पोराकडून दोघांची तिकिटं काढून घेतली. नंतरच्या कार्डांत ओळींवर ओळी चढलेल्या असायच्या, एका कार्डावर तर पत्ता मजकुरात शिरला होता. मी रोज खेड्यापाड्यांतले अर्ज वाचतो, वाकड्यातिकड्या अक्षरांची मला सवय आहे. मी ती कार्डं लावून वाचली आणि खणात ठेवून दिली. त्यात आणखी काही वाचण्यासारखं आहे असं मला वाटलं नाही.

बेत मात्र मी मन लावून केला. बेत करणं हेच माझं काम आहे. कोणता टँकर कुठल्या विहिरीवर भरायचा, किती वाजता निघाला म्हणजे कुठल्या गावाला किती वाजता पोचेल, वाटेत कुठला ओढा, कुठला रस्ता उखडलेला, चाकूर तालुक्यातलं कोणतं गाव आधी आणि कोणतं नंतर, हे माझ्या डोक्यात नकाशासारखं पक्कं बसलेलं आहे. मी यातलं एकही गाव धड पाहिलेलं नाही ही गोष्ट वेगळी. टँकरच्या खेपांचा आमच्याकडे छापील तक्ता असतो. खेप क्रमांक, निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, शेरा. त्यातल्याच एका कोऱ्या तक्त्यावर मी कालिकत मांडलं. खेप एक, नांदेड ते सिकंदराबाद, छोट्या रुळांची गाडी, रविवारी संध्याकाळी सहा. खेप दोन, सिकंदराबाद ते मद्रास. खेप तीन, मद्रासहून मंगळूरची मेल, कालिकत तिसऱ्या दिवशी. शेऱ्याच्या रकान्यात मी पेन्सिलीनं बारीक लिहिलं, पाणी बरोबर घेणे, शेषेरावला खिडकी देणे. जेवायच्या सुट्टीत तो तक्ता काढून मी बघत बसायचो. समुद्र कसा असेल, एवढं पाणी एका जागी बघून मला काय वाटेल, असले विचार यायचे. आमच्या गल्लीत तेव्हा तिसऱ्या दिवशी नळ यायचा. ते दिवस बरे गेले. कुठं जायचं ठरवून न जाता राहण्यात जी मजा आहे ती जाण्यात नाही, हे मला वयाच्या विसाव्या वर्षापासून ठाऊक होतं.

विसाव्या वर्षी आम्ही दिल्लीचा बेत केला होता. आशियातले सगळे देश दिल्लीला खेळायला येणार होते, आणि आपल्या संघात हैदराबादचे खेळाडू होते. आम्हाला शाळेत फुटबॉल शिकवणारे वाहेदखाँ मास्तर एके काळी हैदराबादच्या पोलिसांत होते, तिथल्या संघाच्या गोष्टी ते रंगून सांगायचे. त्या वेळी उदगीरला आईला ताप आला. ताप चार दिवसांत उतरला, पण मी गेलो नाही. बहात्तरला मुंबईचे सामने बघायचं ठरलं, तेव्हा मी दुष्काळी कामावर हजेरी घेत होतो. हजार माणसं उन्हात खडी फोडायची आणि मी मांडवाखाली बसून त्यांची नावं पुकारायचो. ब्याऐंशीला परत दिल्ली. तेव्हा नुकताच उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा काढलेला. ट्रकच्या ट्रक भरून कागद येत होते, उघड्या पटांगणात गठ्ठ्यांचे ढीग, आणि कुठला कागद त्यांचा, कुठला आमचा हे ठरवायला मी. शेषेराव दर वेळी एकच ओळ लिहायचा, 'बरं, पुढल्या वेळी.' आमच्या घराण्याला जागचं हलायची तशी गरजही पडली नाही म्हणा. उदगीर निजामाच्या राज्यात होतं, बीदर जिल्ह्यात होतं, मग मुंबई राज्यात आलं, महाराष्ट्रात आलं, उस्मानाबादेत गेलं, आता लातुरात आलं. मी बसल्या जागी तीन राज्यं आणि तीन जिल्हे फिरलो. थकवा येतो तो त्याचाच असावा.

मी गोलकीपर होतो. ऐकणाऱ्याला हसू येतं, कारण आता पोट सुटलंय आणि जिना चढताना धाप लागते. पण होतो. गोलकीपर झालो त्याचं कारण माझ्या गळ्यातलं इष्टलिंग. आम्हा लिंगायतांत ते अंगावरून दूर होता कामा नये, खाली पडणं तर फारच वाईट. मी नांदेडच्या वसतिगृहात राहायला निघालो तेव्हा आईनं, पार्वतम्मानं, माझ्या छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "पळ, खेळ, काय बी कर. पर हे भुईला लागलं तर मला तोंड दावू नको." मी वाहेदखाँ मास्तरांना तसं सांगितलं. ते हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "बेटा, तुम गोल में खडे रहो." सगळ्यात कमी पळावं लागतं ते तिथं. पण पळणं कमी असलं तरी गोलकीपरला अंग टाकावं लागतं, झेप घ्यावी लागते, आणि मला ती घेता येत नव्हती. मी पट्टीनं छाती आवळून बांधायचो, तरी मन धजायचं नाही. मग मी दुसरी युक्ती काढली. झेप घ्यायची वेळच येऊ नये म्हणून मागून ओरडत राहायचं. मला उभ्या उभ्या सगळं मैदान दिसायचं. "शेषू, डावीकडं!" "मागं माणूस!" "मोकळा हायस, जा सरळ!" शेषेराव बचावाला माझ्या पुढं असायचा, अनवाणी, घोट्याला चिंध्या बांधलेला. तो मागं वळून कधी बघायचा नाही. माझा आवाज आला की अंग तिकडं झुकलेलं असायचं. मास्तर म्हणायचे, "इसके कान में आँख है." परभणीच्या शाळेशी शेवटचा सामना होता. शेवटच्या मिनिटांत चेंडू खालून, उजव्या खांबाकडे आला. ओरडून भागण्यासारखं नव्हतं, अंग टाकायला हवं होतं. मी हात छातीवर धरून उभा राहिलो आणि चेंडू आत गेला. मैदानावर सगळे मला शिव्या देत होते. वसतिगृहात परत येताना शेषेरावनं फक्त माझ्या हातातली पिशवी घेतली. त्या गोष्टीला छत्तीस वर्षं झाली आणि ती पिशवी अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

गुरुवारी संध्याकाळी घरी गेलो तेव्हा नीलम्मा ओट्याशी होती. तिनं आठवडाभर खपून कडक भाकरी केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी कुटली होती, धपाट्यांचं पीठ मळून ठेवायचं तेवढं बाकी होतं. प्रवासाला कडक भाकरीसारखं काही नाही, पापडासारखी वाळते आणि महिनाभर टिकते. मी कोट खुंटीला लावत म्हणालो, "रजा मिळाली न्हाई." ती वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, "कुणी दिली न्हाई?" मी म्हणालो, "साहेबानं." ती म्हणाली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. ब्याऐंशीला बी म्या लाडू केलते, पोरांनी खाल्ले." मग हात धुऊन समोर आली आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "शेषेरावभाऊला कळवलंव का?" मी म्हणालो, कार्ड टाकतो. "कार्ड कवा पोचंल? रविवारी तर गाडी हाय. जाऊन सांगा. आंधळ्या होणाऱ्या माणसाला कार्ड टाकतेत का कुणी?" मी जेवायला बसलो. सांगावंसं वाटत होतं की अगं, साहेबानं नाही, मीच. पण इतक्या वर्षांत दुष्काळ, जिल्हा, साहेब, आईचा ताप, असं काही ना काही बोट दाखवायला असायचं, आणि नीलम्मा माझ्या बोटाच्या दिशेनं बघायची. ती माझ्याकडे बघायला लागली असती तर ते मला सोसलं नसतं.

शुक्रवारी एक गोष्ट झाली. भुजंगनं येऊन विचारलं, "अप्पा, पुढल्या बारा दिवसांचे तक्ते तुम्ही देऊन ठिवलाव, तसंच चालवू का आता बदलायचे?" मी विसरलोच होतो. रजेवर जाणार म्हणून सगळ्या खेपा मी आधीच मांडून त्याच्याकडे दिल्या होत्या. गावांची नावं, विहिरी, वेळा, सगळं. मी म्हणालो, "तसंच चालू दे." तो गेला आणि मी टेबलाच्या काचेखालच्या नकाशाकडे बघत बसलो. मागच्या महिन्यात मला आठ दिवस ताप होता. त्या आठ दिवसांत एकही गाव कोरडं राहिलं नव्हतं. उलट चाकूरकडच्या एका वाडीला पहिल्यांदाच टँकर वेळेवर पोचला, असं तिथला सरपंच सांगून गेला. हे मी कुणाला बोललो नव्हतो, नीलम्मालासुद्धा नाही. माणसाला आपल्यावाचून अडतंय असं वाटायला काहीतरी लागतं. मला दुष्काळ लागत होता. हे मनाशी स्पष्ट म्हटल्यावर इतका कंटाळा आला की खुर्चीतून उठवेना.

रविवारी सकाळच्या गाडीनं नांदेडला निघालो. नीलम्मानं भाकरीचं गाठोडं दिलंच. म्हणाली, "तुमी जावा न जावा, हे त्येंच्या घरी द्या." चाकूरच्या पुढं रस्त्यानं एक टँकर लागला, मागच्या तोटीतून पाणी गळत होतं आणि धुळीवर ओली रेघ चालली होती. त्याच्या पाटीवरचा क्रमांक मला पाठ होता. कागदावर तो साडेनऊला वडवळच्या विहिरीवर असायला हवा होता, आणि साडेनऊला इथं होता. मी घड्याळात बघितलं आणि खिडकीतून तोंड फिरवलं. दोन्ही बाजूंना करडईचं रान गुडघ्यालाही न आलेलं, पिवळं पडलेलं. गुरं मोकळ्या शेतात तोंड खाली घालून उभी, खायला काही नव्हतं तरी. मी शेषेरावला काय सांगायचं ते घोकत होतो. टंचाई आहे, जिल्हा नवा आहे, माणसं कमी आहेत. सगळं खरंच होतं. अहमदपूरला चहा प्यायला उतरलो. लोह्याच्या पुढं मला झोप लागली आणि नांदेडच्या स्टँडवर कंडक्टरनं हलवून उठवलं.

दार शेषेरावच्या सुनेनं, सिंधूनं उघडलं. पदर सावरून म्हणाली, "या काका. मामा सकाळपासून तयार होऊन बसलेत." ओसरीत एक ट्रंक, वर वळकटी, वर पितळी तांब्या दोरीनं बांधलेला. मी आत जाणार तोच ती हळूच म्हणाली, "काका, एक सांगू का? तुमाला सांगू नको म्हणले मामा. दिवाळीपासून त्येंना काईच दिसंना गेलंय. उजेड-अंधार तेवढा कळतोय. तुमी हाव म्हणून जाऊ द्यायलोय, न्हाईतर पाठवलं नसतं." ओळींवर चढलेल्या ओळी डोळ्यांपुढं आल्या. दिवाळीनंतर चार कार्डं आली होती. ती त्यानं चाचपडत, एका हाताच्या बोटांनी कडा धरून लिहिली असणार, आणि मी ती लावून वाचली, तारखा टिपून घेतल्या आणि खणात टाकली.

शेषेराव खुर्चीत ताठ बसला होता. पांढरा सदरा, इस्त्रीचा. माझ्या पावलांच्या आवाजाबरोबर म्हणाला, "इरपा, अजून बी टाच घासत चालतूस." चेहरा माझ्याकडे होता, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी. मी त्याच्यापुढं बसलो. गाठोडं मांडीवर घेतलं. म्हणालो, "शेषू, डोळ्याचं सांगितलं न्हाईस." तो म्हणाला, "सांगितलं असतं तर म्हणला असतास, आता जाऊन काय उपेग." मी अगदी तेच म्हणालो असतो. तो पुढं झुकून म्हणाला, "मला कुठं बघायचंय रे? तिथं हजारो लोक वरडत असतील, बॉलला लाथ बसल्याचा आवाज यील. आन तू शेजारी बसून सांगशील. डावीकडून कोण यायलाय, मागं कोण हाय. तुझं सांगणं आलं की मला दिसतंय. आधी बी मी कुठं मागं वळून बघत होतो?" एवढं बोलून तो हसला. त्याचे पुढचे दोन दात गेले होते, ते मला माहीत नव्हतं.

आणि मी त्याला सांगितलं. जसं घोकलं होतं तसं, टंचाई, नवा जिल्हा, अपुरी माणसं, साहेबांनी रजा दिली नाही. माझाच आवाज मला टेबलापलीकडून बोलल्यासारखा येत होता. शेषेरावचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू उतरलं. मग मान हलवून म्हणाला, "बरोबर हाय. दुष्काळ हाय. लोकाला पाणी आधी. बॉल काय, आपला खेळ." आत सिंधूच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं. त्यानं तिला हाक मारून सांगितलं, "तिकिटं उद्या परत करून टाकाय सांग त्येला. आन इरपाला जेवाय वाढ." त्यानं रागावावं म्हणून मी वाट बघत होतो. तो रागावला असता तर मी भांडलो असतो, भांडता भांडता कदाचित खरं बोललो असतो. जेवताना तो मला नांदेडच्या पाण्याच्या गोष्टी सांगत होता, गोदावरीत खड्डे खणून पाणी काढतात वगैरे. मी हूं हूं करत होतो. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला, दोन वाजले. सहाच्या गाडीचं नाव कुणी काढलं नाही. ट्रंक तशीच होती.

लातूरची बस साडेचारला. तो सोडायला येतोच म्हणाला, ऐकेना. सायकलरिक्षानं आम्ही स्टँडवर आलो. रस्ताभर त्याचा हात माझ्या खांद्यावर होता, हलका, धरल्यासारखा नाही, नुसता ठेवलेला. स्टेशनावरून रिक्षा गेली तेव्हा इंजिनाची शिट्टी ऐकू आली. त्यानं तिकडं कान केला आणि विचारलं, "इरपा, तुझ्या हापिसात रजेवर शेरा कोण मारतं रे?" मला वाटलं होतं तो हे कधी विचारणार नाही. मागं कधीतरी मीच त्याला मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की शाखेत माझ्या शेऱ्याशिवाय पान हलत नाही. रिक्षावाला पायडल मारत होता. मी म्हणालो, "मीच." शेषेराव म्हणाला, "हां." तेवढंच. हात होता तिथंच राहिला.

स्टँडवर त्यानं मला बसमध्ये चढवलं. चढवलं म्हणजे दारापर्यंत आला आणि माझ्या हातातली पिशवी मी वर जाईपर्यंत धरून ठेवली, मग वर दिली. मी खिडकीशी जागा धरली. बस निम्मी रिकामी होती. शेजारून देगलूरची गाडी सुटायला लागली, तिच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, आणि शेषेराव तिकडं वळला. आमच्या बसकडे पाठ करून तो देगलूरच्या गाडीला हात हलवायला लागला. चेहऱ्यावर हसू आणून, चांगला हात उंच करून. त्या गाडीतली माणसं त्याच्याकडे बघत होती, एका बाईनं उलट हात हलवला. गाडी वळून गेली तरी त्याचा हात वरच होता. भोवताली धूळ उडाली होती. आमच्या बसचं इंजिन सुरू झालं. एवढं बघून घ्यायचं, मग चार तासांत लातूर, उद्या सकाळी टेबल, असं म्हणून मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढं तो हात हलतच होता. छत्तीस वर्षांत मी तसा ओरडलो नव्हतो, व्हरांड्यातल्या लोकांवरसुद्धा नाही. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन मी ओरडलो, "शेषू, डावीकडं!"

त्याचं अंग आधी वळलं, मग तोंड. डावा खांदा खाली, गुडघ्यात किंचित वाकलेला, दोन्ही हात अंगापासून सुटे. साठीला आलेला माणूस, इस्त्रीचा सदरा, धुळीनं भरलेला स्टँड, आणि तो पुढच्या हाकेची वाट बघत उभा होता. मी पिशवी उचलली. बस हलली होती. दारात उभ्या कंडक्टरनं माझ्याकडे बघून विचारलं, "अप्पा, चढायलाव का उतरायलाव?" खाली जमीन मागं सरकत होती आणि फार लांब वाटत होती. सदऱ्याआड इष्टलिंग छातीला टेकलेलं होतं, घामानं ओलं. मी त्याच्यावर तळहात दाबून धरला.

"थांब शेषू, आलो," मी ओरडलो, आणि उडी टाकली.